नऊ एक्के आणि डोंबिवली स्टेशन

नागपूरहून मुंबईला रेल्वेने निघालात की कसारा घाट उतरून, कल्याण मागे टाकून गाडी डोंबिवलीतून धडधडत जाते. पाटी वाचेपर्यंत स्टेशन संपलेलं असतं. पण या स्टेशनाच्या नावावर गणितात संख्यांचं एक अख्खं कूळ आहे, हे ठाऊक होतं?

ते कूळ शोधलं द. रा. कापरेकरांनी. याच लोहमार्गावरच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. कल्पना सुचली ती डोंबिवलीला. तेव्हाचं नाव डेमलो. म्हणून या डेमलो संख्या.

त्यातली सगळ्यात देखणी पाहायची तर नऊ एक्के ओळीने मांडा : १११११११११. आता वर्ग करा. मोबाइल नको, तो कधी कधी शेपटीचे आकडे गिळून टाकतो! शाळेतला उभा गुणाकारच करा. एकाने गुणायचं, म्हणजे तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. जिना तयार होतो. कडेच्या रकान्यात एकच एक्का, शेजारी दोन, मग तीन... मधोमध नऊ, पुन्हा उतार. हातचा कुठेच नाही! उत्तर : १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा आकडी. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं एकंपासून परार्धापर्यंत जातात. आपला पहिला आकडा परार्धाच्या एकच पायरी अलीकडे बसतो, आणि त्या स्थानाचं नाव आहे ‘मध्य’.

आता मधला नऊ झाका. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज? ९९९९९९९९. दोन टोकं मिळवली की मधला आकडाच ओळीने उभा राहतो. डेमलो संख्येची खूण हीच.

मग दहा एक्के घेतले तर? मधल्या रकान्यात दहा आले, हातचा डावीकडे घुसला आणि सगळी नक्षी विस्कटली : १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीतला आठ गेला कुठे? हातच्याने त्याचा नऊ केला.

पण मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. आपल्या सतरा आकड्यांची बेरीज होते ८१. आणि ८१ने त्या अवाढव्य संख्येला नि:शेष भाग जातो! कारण नऊ एक्के म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. वर्गात ९चा वर्ग आपोआप येतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं होतं, हर्ष देणाऱ्या.

दोनपासून आठपर्यंतच्या एक्क्यांवर हे करून बघा. फक्त तिनाला जमतं : १११चा वर्ग १२३२१, बेरीज ९, भागाकार १३६९. आणि १३६९ म्हणजे ३७चा वर्ग.