विचार करून केलेला पास

पुण्यातल्या एका क्लबच्या हॉलमध्ये तेरा टेबलं मांडली आहेत. प्रत्येक टेबलावर हिरवं कापड, चार कोपऱ्यांना चार बिडिंग बॉक्स आणि मधोमध वाटलेले पत्ते ठेवायचा प्लास्टिकचा बोर्ड. बावन्न माणसं बसली आहेत, आणि ऐकू येतो तो फक्त पंख्यांचा आवाज नि बॉक्समधून ओढलेल्या बोलीच्या कार्डांची सळसळ. रविवारची सकाळ आहे, जोड्यांची स्पर्धा आहे. मी चौथ्या टेबलावर वेस्टच्या मागे खुर्ची घेऊन बसलो आहे. प्रेक्षकाने एकाच खेळाडूचे पत्ते पाहायचे, मान उंचावून दुसऱ्याच्या हातात डोकावायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही आणि कोणी चुकताना दिसलं तरी बोलायचं नाही. नियम साधे आहेत, पण पाळताना दमछाक होते.

वेस्टला बसलेल्या बाईंना सगळा हॉल ‘काकू’ म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास, सुती साडी, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांचा पार्टनर पंचविशीतला, सॉफ्टवेअरवाला, ऑनलाइन ब्रिज खेळत खेळत इथवर आलेला. वयांमधलं हे अंतर या खेळात कोणाला खटकत नाही. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आलं, तेव्हा पुरुषांच्या जोडी-स्पर्धेचं सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन्न.

समोर नॉर्थ-साऊथला मुंबईहून आलेले दोन निवृत्त गृहस्थ आहेत. बसता बसता सगळे एकमेकांना नमस्कार करतात, सिस्टिम कार्डांची देवाणघेवाण होते. आपल्या बोलींचा अर्थ काय, हे त्या कार्डावर उघड लिहिलेलं असतं. ब्रिजमध्ये हातातले पत्ते गुप्त असतात, बोलीचे करार कधीच गुप्त नसतात. सातव्या बोर्डात साऊथ एक नो-ट्रम्पने सुरुवात करतात, नॉर्थ दोन चौकट ठेवतात आणि साऊथ लगेच अलर्टचं कार्ड पुढे करतात. ईस्टला बसलेला मुलगा आपली पाळी आल्यावरच विचारतो, “म्हणजे काय सर?” उत्तर साऊथच देतात, “ट्रान्सफर. पाच किंवा जास्त बदाम.” ज्याने बोली दिली त्याने अर्थ सांगायचा नसतो, त्याच्या पार्टनरने त्यातून काय घेतलं, ते प्रतिस्पर्ध्यांना कळायला हवं असतं. तो बोर्ड तीन नो-ट्रम्पवर जातो आणि सरळ होतो. त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

आता आठवा बोर्ड. डीलर वेस्ट, कोणीही व्हल्नरेबल नाही. काकू पत्ते आधी पालथेच मोजतात, तेरा असल्याची खात्री करतात आणि मग उघडतात. मला दिसतं ते असं: इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, नव्वी, सत्ती, चव्वी, बदामची एकटी पंजी, चौकटचे राजा, राणी, अठ्ठी, आणि किलवरची तीन हलकी पानं. बारा पॉइंट, सहा इस्पिक. काकू एक इस्पिकचं कार्ड टेबलावर ठेवतात. हाताचा वेग नेहमीचा, कार्ड ठेवण्याची पद्धतही नेहमीची. चांगली पानं आली म्हणून ते आपटायचं नाही, वाईट आली म्हणून सरकवायचं नाही. पूर्वी बोली तोंडाने होई आणि आवाजाच्या चढ-उतारातून नको ते कळे. बिडिंग बॉक्स आले ते त्यावर उपाय म्हणून.

नॉर्थ लाल रंगाचं ‘स्टॉप’ कार्ड ठेवतात आणि त्यापाठोपाठ चार बदाम.

उडी मारलेल्या बोलीनंतर पुढच्या खेळाडूने दहा सेकंद थांबायचं असतं. हातात विचार करण्यासारखं काही असो वा नसो, थांबायचंच. त्यामुळे ते दहा सेकंद कोणालाच काही सांगत नाहीत. मी मनात मोजतो. नॉर्थ स्टॉप कार्ड उचलून परत बॉक्समध्ये ठेवतात. मुलगा बोलत नाही. पंधरा. त्याची नजर पत्त्यांतून हलत नाही. वीस. त्याची बोटं बॉक्सकडे जातात, थांबतात, परत येतात. पंचवीस सेकंदांच्या पुढे केव्हातरी तो पासचं हिरवं कार्ड काढतो.

साऊथ पास. काकूंची पाळी.

मागे बसून मला त्यांचा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतो. आणि मला कळतं आहे ते त्यांनाही कळतं आहे, समोरच्या दोघांनाही कळतं आहे. त्या मुलाकडे काहीतरी आहे. पानं अगदी हलकी असती तर दहा सेकंदांनंतर त्याने निमूट पास केला असता. एवढा वेळ लागला, म्हणजे त्याच्या मनात एक तर चार इस्पिक होतं किंवा डबल. दोन्ही बाबतींत काकूंनी आता चार इस्पिक बोलणं फायद्याचं ठरण्याची शक्यता वाढते. सहा चांगली इस्पिकं, बदामचं एकच पान. हात अक्षरशः शिवशिवावेत अशी पानं.

पण ही माहिती बोलीतून आलेली नाही, वेळेतून आली आहे. ब्रिजमध्ये पार्टनरशी बोलायला सगळी मिळून पंधरा पदं आहेत: एक ते सात आकडे, चार रंग, नो-ट्रम्प, पास, डबल, रिडबल. याच्या बाहेरची प्रत्येक गोष्ट, म्हणजे उसासा, भुवई, प्रश्नाचा सूर, लांबलेला क्षण, पार्टनरसाठी वर्ज्य. नियम असा की पार्टनरच्या थबकण्यातून जो पर्याय उघडपणे सुचतो तो, दुसरा एखादा वाजवी पर्याय हातात असताना, निवडायचा नाही. प्रतिस्पर्धी मात्र त्या थबकण्यावरून हवा तो अंदाज बांधू शकतात. त्यात चूक झाली तर जोखीम त्यांची.

काकू फार वेळ घेत नाहीत. पास.

उतारी ईस्टची. मुलगा पान पालथं ठेवतो आणि विचारतो, “काही प्रश्न?” काकू मान हलवतात, मग पान उलटतं: इस्पिकचा राजा. पहिलं पान पालथं ठेवण्याची ही सवय किती कामाची, ते पलीकडच्या टेबलावर आत्ताच दिसतं आहे. तिथे एकाने आपली पाळी नसताना उतारीचं पान सरळ टाकलं आहे. “डायरेक्टर, प्लीज!” आवाज शांत, तक्रारीचा सूर नाही. डायरेक्टर येतात, पुस्तकात बघून डिक्लेअररला, म्हणजे करार खेळणाऱ्याला, त्याचे पर्याय सांगतात: ते पान मान्य करून डमी पाहून स्वतः खेळा, नाहीतर स्वतःच पत्ते पसरून डमी व्हा, नाहीतर खऱ्या उतारीवाल्याला त्या रंगाची सक्ती करा किंवा मनाई करा, नाहीतर त्याला मोकळं सोडा आणि चुकलेलं पान दंडाचं म्हणून टेबलावर उघडं राहू द्या. डायरेक्टरला बोलावणं म्हणजे कोणावर आळ घेणं नव्हे. नवख्यांना हे उमगायला वेळ लागतो आणि तोवर ते आपसांत मिटवायला जातात. तसं कधी करू नये.

इकडे साऊथ डमी पसरतात: किलवरचा राजा आणि बाकी फारसं काही नाही. “थँक यू, पार्टनर,” नॉर्थ म्हणतात. डमीत काहीही आलं तरी हेच म्हणायचं असतं. इस्पिकचा राजा हात करतो. मुलगा पुन्हा इस्पिक खेळतो, काकू एक्का घालतात आणि नॉर्थ हुकूम मारतात. मग बदामच्या तीन फेऱ्या, काकूंची पंजी पहिल्याच फेरीत जाते, मुलाची तिसरी बदाम तिसऱ्या फेरीत पडते. आणि नॉर्थ पत्ते उघडे करून ठेवतात: “हुकूम संपले. माझे तीन बदाम, किलवरचे तीन वरचे हात, चौकटचे दोन तुम्हाला. दहा हात.” क्लेम करताना पुढचा खेळ असा स्पष्ट सांगावाच लागतो. काकू चष्मा सावरून एकवार पाहतात आणि मान डोलावतात. बरोबर आहे. चार बदाम झाले, उणे चारशेवीस.

चौघांचे पत्ते आता टेबलावर उघडे आहेत. मुलाकडे इस्पिकचे राजा-पंजी, चौकटचा एक्का आणि किलवरचा गुलाम. मी हिशेब करतो. काकूंनी चार इस्पिक बोललं असतं तर इस्पिकचे सहा आणि चौकटचे तीन असे नऊ हात झाले असते. एक बदाम आणि तीन किलवर जाऊन एका हाताने तूट. उणे पन्नास. डबल झालं असतं तरी उणे शंभर.

मुलाला हे माझ्याआधी दिसलेलं आहे. त्याचा चेहरा उतरतो.

नॉर्थ पत्ते गोळा करताना मोकळेपणाने म्हणतात, “काकू, तुम्ही फोर स्पेड्स बोलला असतात तर मी डायरेक्टरला बोलावलं असतं.”

“बोलवायलाच हवं होतं तुम्ही,” काकू म्हणतात. “पण पास केला तो त्या भीतीने नाही. तो थांबला नसता तर मी बोलले असते की नसते, ते आता माझं मलाच सांगता येणार नाही. मग कशाला बोलू?”

तक्रार झाली असती तर डायरेक्टरने काकूंचा हात त्यांच्याच तोडीच्या काही खेळाडूंना दाखवला असता, थबकण्याचा उल्लेख न करता, आणि तुम्ही काय कराल असं विचारलं असतं. त्यातल्या पुरेशा लोकांनी पासचा खरोखर विचार केला असता आणि काहींनी तो केलाही असता, तर चार इस्पिक रद्द करून निकाल बदलला असता. या खेळाने न्यायाची एवढी तजवीज करून ठेवली आहे. मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की काकूंनी तिथवर वेळच येऊ दिली नाही.

फेरी संपायला चार मिनिटं आहेत. मुलगा हलक्या आवाजात, कारण हेच पत्ते असलेला हा बोर्ड शेजारच्या टेबलांनी अजून खेळलेला नाही, म्हणतो, “काकू, सॉरी. माझ्यामुळे गेलं.”

“अरे, विचार करणं हा काही गुन्हा नाही. विचार करून बोललास, तर मला काहीच अडचण नाही. विचार करून पास केलास की मी बांधले जाते. मी एक इस्पिक बोलल्यावर पलीकडून चार बदाम येऊ शकतं, हे त्यांनी कार्ड ठेवायच्या आधी मनात धरायचं. मग दहा सेकंद पुरतात.”

ब्रिज शिकवणाऱ्या पुस्तकांत स्टेमन आणि ब्लॅकवुड या बोलीच्या संकेतांवर पानंच्या पानं असतात. काकूंनी सांगितलेलं हे त्याआधी शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कारण माहिती कुठूनही झिरपते, आणि जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनाही तिचा मोह आवरलेला नाही. १९७५ च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत पार्टनर एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर तिरका पडदा आला, तर त्याच स्पर्धेत टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप इटलीच्या एका जोडीवर झाला. पुढे टेबलाखालचीही वाट बंद करावी लागली. २०१५ मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांड यांनी आपल्याच पूर्वीच्या संघातल्या जोडीवर जाहीर आरोप केला. चित्रफिती तासन्‌तास पाहिल्यावर लक्षात आलं, की बोर्ड टेबलावर कुठे ठेवला यातून उतारीसाठी रंग सुचवला जात होता. त्या जोडीबरोबर मिळवलेली विजेतेपदं ब्रोगेलांड यांनी स्वतःहून सोडली. पडदे, कॅमेरे हवेतच. पण आपल्या क्लबांत पडदे नसतात. इथे चार माणसं चार फुटांवर एकमेकांसमोर बसतात आणि सगळी भिस्त त्यांच्यावरच असते.

डायरेक्टर फेरी संपल्याचं सांगतात. ईस्ट-वेस्ट जोड्या पुढच्या टेबलाकडे, बोर्ड मागच्या टेबलाकडे. काकू उठतात, मुंबईच्या गृहस्थांना “छान खेळलात” म्हणतात, आणि ते दोघे त्यांच्यासाठी उभे राहतात. सोळा बोर्डांनंतर चहा, मग पुन्हा खेळ. मी त्यांच्या मागोमाग खुर्ची हलवत राहतो.

दुपारी निकालाचा कागद लागतो. आठव्या बोर्डावर बऱ्याच वेस्टनी चार इस्पिक बोललं आहे. त्यांच्या पार्टनरनी वेळेत पास केला होता, त्यामुळे ते मोकळे होते. काहींनी त्याच पानांवर पासही केला आहे. उणे चारशेवीसवर काकूंसह तीन जोड्या आहेत, बारापैकी एक गुण. एकूण यादीत काकू आणि तो मुलगा पाचवे. तिसरं आणि चौथं बक्षीस त्यांच्यापेक्षा फार पुढे नाही. त्या एका बोर्डाने ते हुकलं असणार. मुलगा कागदाचा फोटो काढतो आणि काकूंना विचारतो, “पुढच्या रविवारी?” काकू हो म्हणतात.

तुमच्या गावात ब्रिजचा क्लब असेल तर एखाद्या स्पर्धेला जाऊन पाहा. खेळ येत नसला तरी चालेल. परवानगी विचारा, मोबाईल बंद करा, एकाच खेळाडूच्या मागे बसा. आणि कोणी विचार करून पास केला, की त्याच्या पार्टनरकडे लक्ष द्या.