दिक्‌स्थिती व स्थान यांचे दृक्‌संवेदन

एखादी वस्तू कोठे आहे आणि ती उभी, आडवी की तिरपी आहे, हे दृष्टीद्वारे जाणण्याच्या प्रक्रियेस दिक्‌स्थिती व स्थान यांचे दृक्‌संवेदन म्हणतात. दृष्टिपटलावर वस्तूची द्विमितीय प्रतिमा पडते. तिच्यावरून वस्तूची त्रिमितीय अवकाशातील मांडणी मेंदू ठरवतो.

दिक्‌स्थिती

डेव्हिड ह्युबेल व टॉर्स्टन विझेल यांनी १९५९ मध्ये मांजरावरील प्रयोगांतून दाखवले, की मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातील अनेक चेतापेशी ठरावीक कोनातील रेषेलाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. दृष्टिसंस्थेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उभ्या व आडव्या रेषांच्या कोनातील सूक्ष्म फरक माणसाला तिरप्या रेषांपेक्षा अधिक अचूकपणे ओळखता येतो. डोके कलते केले तरी दाराची चौकट सरळच भासते, कारण अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाकडून डोक्याच्या स्थितीची माहिती मेंदूला मिळत असते.

स्थान

वस्तूची दिशा ठरवताना प्रतिमा दृष्टिपटलावर कोठे पडली यासोबत डोळे कोणीकडे वळले आहेत, हेही विचारात घेतले जाते. दोन डोळ्यांत सुमारे ६ सेंमी अंतर असल्याने त्यांतील प्रतिमा किंचित भिन्न असतात. या फरकातून खोलीची जाणीव होते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले.

संवेदन आणि कृती

वस्तूची स्थिती सांगता येणे आणि तिच्याशी जुळणारी हालचाल करता येणे, या दोन क्षमता मेंदूविकारात वेगळ्या होऊ शकतात. डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीच्या मेंदूला १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने इजा झाली. समोरची फट कोणत्या कोनात आहे हे तिला सांगता येत नसे आणि हातातील पत्ता त्या कोनात धरूनही दाखवता येत नसे. मात्र तोच पत्ता फटीत टाकायला सांगितल्यावर ती तो अचूक वळवत असे. याउलट, माथ्याकडील भागास इजा झालेल्या काही रुग्णांना वस्तू ओळखता येते, पण तिच्यापर्यंत हात नेताना नेम चुकतो.

या निरीक्षणांच्या आधारे मेल्विन गुडेल व डेव्हिड मिल्नर यांनी १९९२ मध्ये दोन दृक्‌मार्गांचा सिद्धान्त मांडला. त्यानुसार कानशिलाकडे जाणारा मार्ग वस्तूच्या जाणीवपूर्वक आकलनासाठी, तर माथ्याकडे जाणारा मार्ग हालचालींच्या नियंत्रणासाठी असतो. हे मार्ग परस्परांशी जोडलेले असल्याने त्यांची विभागणी कितपत काटेकोर आहे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.