डेटाबेसची ओळख, भाग ९ : आडतीच्या पट्टीपासून टॅलीपर्यंत

दसरा झाला की हदगावच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते. आडत दुकानातल्या संगणकावरून दिवसभर पट्ट्या, म्हणजे प्रत्येक सौद्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, निघत राहतात. पट्टी काढणारं सॉफ्टवेअर कुणीही बनवलेलं असो, वर्षअखेरीचा हिशेब बहुतेक ठिकाणी टॅलीतच लागतो. श्यामसुंदर आणि भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. मग तीच पट्टी मुनीम पुन्हा हाताने टॅलीत चढवतो, आणि दुबार नोंदीत आकडे चुकतात.

हे काम टळू शकतं. टॅली एक्सएमएल फाइल आयात करते. सेटिंग चालू असेल तर नेटवर्कच्या पोर्टवरूनही, सहसा ९००० क्रमांकाच्या, ती थेट स्वीकारते. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून जाहीर केलेली एक्सएमएल ही साधी मजकूर-रचना आहे. प्रत्येक माहितीला नावाचा टॅग आणि टॅगच्या पोटात टॅग.

खरी अडचण या 'पोटात' शब्दातच आहे. समजा, ४,३०० रुपये भावाने १० क्विंटल सोयाबीन विकलं गेलं. खरेदीदाराच्या नावे ४३,०००, शेतकऱ्याच्या जमा ४२,७०० आणि हमाली-तोलाईचे ३००. डेटाबेसमध्ये पट्टीची एक ओळ आणि तिच्या नोंदींच्या तीन ओळी वेगवेगळ्या टेबलांत असतात. जॉइन लावला की तीन ओळी मिळतात आणि पट्टी क्रमांक, तारीख तिन्हींत तेच येतात. नवखा प्रोग्रामर लूप फिरवून ओळीगणिक एक व्हाउचर, म्हणजे टॅलीतली एका व्यवहाराची नोंद, लिहितो. एका सौद्याची तीन व्हाउचरं होतात आणि त्यातलं एकही जुळत नाही.

हे टाळण्यासाठी क्वेरीत पट्टी क्रमांकानुसार क्रम लावायचा. कोडने आधीचा क्रमांक लक्षात ठेवायचा. तो बदलला तरच चालू व्हाउचर बंद करून नवं उघडायचं. शेवटचं व्हाउचर लूप संपल्यावर बंद करावं लागतं, आणि नेमकं तेच बरेचदा राहून जातं. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने जाते, म्हणून वरच्या उदाहरणात उणे ४३,०००, अधिक ४२,७०० आणि अधिक ३०० यांची बेरीज शून्य यायला हवी. फाइल लिहिण्याआधी कोडनेच ती तपासावी. रकमेत स्वल्पविराम नको. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकी: २०२५१०१५. हमालीचा रकाना नल असेल तर रिकामा टॅग लिहू नये, ती नोंदच गाळावी.

आता मजकूर. खरेदीदाराच्या फर्मच्या नावात '&' असतोच. एक्सएमएलमध्ये या चिन्हाला खास अर्थ आहे. ते जसंच्या तसं लिहिलं तर नियम पाळणारा कोणताही वाचक-प्रोग्राम ती फाइल नाकारतो, मग आत शंभर पट्ट्या बिनचूक असल्या तरी. म्हणून तुकडे जोडून एक्सएमएल तयार करण्याची सवय घातक आहे. डॉटनेट, जावा, पीएचपी सगळीकडे एक्सएमएल लिहिणाऱ्या तयार लायब्ररी आहेत; '&' आणि '<' यांचा बंदोबस्त त्या स्वतःच करतात.

मराठी नावांचं दुखणं वेगळं. जुन्या दुकानांत नावं शिवाजी किंवा श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर 'शंकरराव' दिसतं, पण टेबलात रोमन अक्षरांचा गोंधळ साठलेला असतो. एक्सएमएलबरोबर फॉन्ट जात नाही, फक्त अक्षरांचे संकेत जातात. लायब्ररी इथे काहीच करू शकत नाही. नावं आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायची आणि मगच फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहायची. टॅलीतल्या खात्याचं नावही अक्षरशः तेच हवं. ते खातं सापडलं नाही तर नोंद अडते.

फाइल पाठवली की टॅली एक्सएमएलमध्येच उत्तर देते: किती नोंदी तयार झाल्या, किती बदलल्या, किती चुकल्या. बरेच प्रोग्राम हे उत्तर वाचतच नाहीत आणि पाठवलं म्हणजे पोचलं असं धरून चालतात. पट्टीच्या टेबलात 'टॅलीत गेली' असा एक रकाना ठेवावा, आणि उत्तरात नोंद तयार झाल्याचं दिसल्यावरच त्यात खूण करावी.