स्ट्रॉबेरी टनेलखाली घ्यायची, तर वाण कोणता?



यंदा उमापूर गटात ऊसनोंदी घेताना एक नवाच प्रश्न कानी आला. "साहेब, टनेल टाकलं की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्याकडंही येते म्हणतात. रोप कोणतं आणू?" विचारणारे एक-दोघे नव्हते, आणि बहुतेक तरुण मंडळी होती. आमच्या शेतकी खात्याचे काम उसाचे, हे खरे. पण नव्या पिकात सभासदाचे पैसे अडकले की पुढच्या लागणीच्या बेण्याला आणि खताला हात आखडतो. म्हणून याविषयी चार शब्द लिहीत आहे.

वाण हंगामाच्या मापाने निवडायचा असतो, हे ऊसवाल्याला नव्याने सांगायला नको. गळीत सुरू होताना लवकर पक्व होणारा को.सी. ६७१ चालतो, तर को ८६०३२ ला थोडा धीर धरावा लागतो. स्ट्रॉबेरीचेही तसेच आहे, फरक एवढाच की इथे हंगाम महिन्यांचा नसून आठवड्यांचा आहे. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. तिथे सप्टेंबरात लागण होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडे चालतात. त्या भागाच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या हवेच्या आणि तांबड्या मातीच्या जोरावर. आपल्या गोदाकाठी खरी थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारी सरता सरता दुपारचा पारा ३३-३४ च्या वर जातो आणि फळ बारीक, मऊ व आंबट होऊ लागते. म्हणजे आपल्या हाती अडीच महिने, फार तर तीन. जो वाण या मुदतीत आपला मुख्य माल देऊन मोकळा होईल, तोच आपला.

पुस्तकात वाणांचे दोन गट दिलेले असतात. लहान दिवसांत फुलणारे आणि दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नसलेले. दुसऱ्या गटातला 'सेल्वा' बारमाही फळतो असे ऐकून काहींना मोह पडतो. पण हा गुण कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या थंड उन्हाळ्यात उपयोगी पडतो. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे दिवसाची लांबी ही आपली अडचणच नाही. अडचण उष्णतेची आहे, आणि उष्णतेपुढे हा गटही फुलायचा थांबतो. तेव्हा सेल्वा सोडून द्यावा.

पहिल्या गटात महाबळेश्वर-पाचगणीकडे 'चँडलर', 'कॅमारोसा', 'स्वीट चार्ली', 'विंटर डॉन', 'नाबिला' अशी नावे ऐकू येतात. कॅमारोसाचे फळ मोठे, टणक, गाडीत टिकणारे. पाहिले की मन बसते. पण त्याचा भर उशिरा येतो, आणि आपल्याकडे तो नेमका उन्हात सापडेल. चँडलर जुना, चवीला चांगला, १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने दिलेला; पण लवकर येणाऱ्यांत तो मोडत नाही. आमच्या मते आपल्या भागाने स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या दोहोंपलीकडे पहिल्या वर्षी पाहू नये. दोन्ही फ्लोरिडा विद्यापीठाचे आणि दोन्ही लवकर येणारे. स्वीट चार्ली नावाप्रमाणे गोड, पण मऊ. गेवराई, शेवगाव, बीड अशा जवळच्या बाजारात सकाळी तोडून सकाळीच विकायला ठीक. छत्रपती संभाजीनगर किंवा त्यापुढे माल न्यायचा असेल तर विंटर डॉन बरा, फळ घट्ट असते. नाबिलाबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक वाफा लावून पाहावा, अख्खे रान नको.

आता टनेलविषयी. यात गैरसमज फार. उत्तरेकडे बुटके टनेल टाकतात ते रात्रीच्या कडक थंडीपासून रोप वाचवायला. आपल्याकडे थंडी शत्रू नाही, ती तर पाहुणी! प्लॅस्टिक बंद ठेवले आणि बाहेर ३० अंश असले, तर आत दुपारी ४० च्या पुढे जायला वेळ लागत नाही. परागकण मरतात, फळ धरत नाही. शिवाय मधमाशी आत गेली नाही तर फळे वेडीवाकडी होतात. म्हणून आपला टनेल म्हणजे उघडझाप करता येईल असे छप्पर समजावे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागण झाली की पहिले दोन-तीन आठवडे वर शेडनेट, कारण ऑक्टोबरचे ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही. नंतर ते काढून टाकावे. पुढे बांबूच्या कमट्या तशाच ठेवून अवकाळी पावसाची चाहूल लागेल तेव्हाच प्लॅस्टिक ओढायचे, आणि पाऊस उघडला की बाजू वर गुंडाळायच्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरलेले नाही. तसल्या गारांपुढे हे पातळ प्लॅस्टिक टिकणार नाही, पण साध्या सरींपासून पिकलेले फळ कुजण्याचे वाचते. कोरड्या हवेत आडोशाला लाल कोळी फार माजतो. दर दोन दिवसांनी पानाची खालची बाजू उलटून पाहावी.

हे सगळे जमले, तरी खरी मेख जमीन-पाण्यात आहे. क्षाराच्या बाबतीत स्ट्रॉबेरीइतके नाजूक पीक क्वचितच. जमिनीची क्षारता १ डेसीसायमनच्या वर गेली की तिचे उत्पन्न घटू लागते. उसाची ही मर्यादा १.७ आहे. आणि ऊस त्यापुढे हळूहळू घटतो, स्ट्रॉबेरी मात्र एका अंकाला साधारण एक तृतीयांश खाली येते. पाटाचे पाणी वर्षानुवर्षे मोकाट दिलेल्या आपल्या काही खोल काळ्या रानांत पांढरी पापुद्री येते, तिथे फुले २६५ लावावा, स्ट्रॉबेरीचे नावही काढू नये. चुनखडीच्या रानात उसावर येतो तसा केवडा स्ट्रॉबेरीवरही येतो, आणि तिला तो जास्त झोंबतो. उंच गादीवाफा, भरपूर कुजलेले शेणखत, मल्चिंग आणि ठिबक हवेच. ठिबक रोज थोडे थोडे चालते, त्यामुळे कालव्याच्या आवर्तनावर हे पीक होत नाही. गोड्या पाण्याची विहीर किंवा शेततळे नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

एकरी वीस-बावीस हजार रोपे लागतात. पहिल्या वर्षी पाच गुंठे, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रोपे पुरे. रोप शक्यतो वाई-पाचगणीच्या रोपवाटिकेतून, त्या वर्षीच्या ताज्या मातृरोपांवरचे आणि पावतीवर वाणाचे नाव लिहून घेऊन आणावे. फळे देऊन थकलेल्या जुन्या झाडांचे धावते कोंब स्वस्त मिळतात, पण त्यांबरोबर रोगही येतो. उसाला रोगट बेणे वापरतो का आपण?

फेब्रुवारीअखेर रान मोकळे होते, तेव्हा सुरूची वेळ टळलेली असते. मल्चिंगचा कागद गोळा करून पावसाच्या तोंडाशी ताग किंवा धैंचा घ्यावा, फुलावर येण्याआधी गाडावा आणि पाणी असेल तर त्याच रानात आडसालीची लागण करावी. नोंद देताना तसे गट कार्यालयात सांगावे. ज्यांना स्ट्रॉबेरी करायची आहे त्यांनी आधी माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि ते अहवाल घेऊनच आमच्याकडे यावे.