कोरडेपणा आणि अंतर : महाड-पोलादपूरच्या व्यापारी कचऱ्याची वाट

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली उतरते, महाडच्या परिसरात काळ आणि गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून हरिहरेश्वरजवळ अरबी समुद्राला मिळते. या खोऱ्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, एकमेकांपासून वीसएक किलोमीटरवर वसलेली महाड आणि पोलादपूर ही गावे आकाराने लहान असली, तरी त्यांच्या व्यापाराचा पसारा बराच मोठा आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांना माल पुरवणारी बाजारपेठ, महामार्गावरची उपाहारगृहे आणि गॅरेजे, रायगडावर जाणाऱ्यांच्या सोयीसाठी उभी राहिलेली दुकाने, दवाखाने आणि बिरवाडीजवळची रसायनांची औद्योगिक वसाहत अशा नानाविध व्यवसायांतून जो कचरा निघतो, त्याला येथे व्यापारी कचरा म्हटले आहे. या कचऱ्यातून पुन्हा उपयोगी माल तयार होईल की तो नदीच्या काठावर साचून राहील, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: तो कोरडा किती राहिला आणि त्याला किती लांब न्यावे लागते. या दोन्ही गोष्टींचा निकाल कचऱ्याची गाडी येण्याच्या कितीतरी आधी, दुकानात, स्वयंपाकघरात आणि कारखान्याच्या आवारात लागलेला असतो.

केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली. ओला म्हणजे कुजणारा, सुका म्हणजे न कुजणारा आणि घरगुती धोकादायक असे कचऱ्याचे तीन भाग ज्याने त्याने आपल्या जागीच करावेत, असे या नियमांनी सांगितले, आणि दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांना ‘मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारे’ या वर्गात घालून आपल्या ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवली. मोठे हॉटेल किंवा मंगल कार्यालय लग्नसराईत या मर्यादेपर्यंत सहज पोचते. बाजारपेठेतील एकेकटे दुकान मात्र तिच्या खूप खाली राहते, आणि म्हणून लहान शहरात व्यापारी कचऱ्याचा प्रश्न चार-दोन मोठ्या आस्थापनांचा न राहता शेकडो लहान व्यावसायिकांच्या रोजच्या सवयींचा प्रश्न होतो.

बाजारपेठेतील सुक्या कचऱ्याचा दिवस मालाची गाडी येते तेव्हा सुरू होतो. किराणा, कापड, औषधे, भांडी आणि विजेची उपकरणे यांच्या दुकानांत माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, विणलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्यांतून आणि पातळ प्लॅस्टिकच्या आवरणांत येतो. तो फळीवर लागला की वेष्टनाचे काम संपते. खोक्याची चिकटपट्टी कापून ते चपटे केले, सुतळीने बांधले आणि आत आडोशाला ठेवले, तर ते माल राहते व भंगारवाला किलोच्या भावाने ते घेऊन जातो. तेच खोके ओट्यावर उघडे टाकले आणि त्यात चहाचे कप, खरकटे व केर पडला, तर ते घंटागाडीतल्या मिश्र कचऱ्यात जमा होते आणि ते वाहून नेण्याचा खर्च नगर परिषदेवर, म्हणजे अखेरीस गावावर पडतो. वस्तू दोन्ही वेळा तीच असते. दुकानातल्या माणसाने तिच्यासाठी दोन-तीन मिनिटे दिली की नाही, यावर तिचे मोल ठरते.

या दोन-तीन मिनिटांचे महत्त्व कोकणच्या पावसात अनेक पटींनी वाढते. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पुठ्ठा भिजला की वजनाने जड होतो, परंतु कागद कारखान्यांकडे माल पाठवणारा व्यापारी ओलाव्यापोटी वजनात कपात करतो. पुठ्ठा फार काळ ओला राहिला तर त्याला बुरशी येते, धागा कमजोर होतो आणि पुन्हा कागद करण्याची त्याची योग्यता घटते. भिजलेली रद्दी वाहतुकीला महाग आणि विक्रीला स्वस्त अशी दोन्हीकडून तोट्याची ठरते. त्यामुळे ज्या महिन्यांत गणपतीच्या खरेदीमुळे खोक्यांचा ढीग वाढू लागतो, त्याच महिन्यांत तो ढीग विकण्याची शक्यता कमी होते. पुनर्प्रक्रिया, म्हणजे टाकाऊ वस्तूपासून पुन्हा कच्चा माल तयार करणे, ही येथे यंत्राच्या आधी छपराची बाब आहे.

भंगाराच्या वखारीत पोचलेल्या प्लॅस्टिकची निवड हे स्वतंत्र कसब आहे. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या, रंगीत बाटल्या, दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे, मोडक्या बादल्या आणि खुर्च्या असे ढीग वेगळे होतात, कारण वेगवेगळी प्लॅस्टिके वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि एकत्र वितळवली तर हाती येणारा माल ठिसूळ होतो. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला 1 ते 7 पैकीचा आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, 2 म्हणजे डब्यांचे जाड पॉलिथिन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. आकडा पुसला असेल तर अनुभवी हात वस्तू वाकवून पाहतो, तिचा आवाज ऐकतो किंवा तुकडा पाण्यात टाकतो: पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. बाटलीचे टोपण बहुधा बाटलीपेक्षा निराळ्या प्लॅस्टिकचे असते, म्हणून ते काढून वेगळ्या गोणीत जाते. वेफर्स आणि शाम्पूची चकचकीत पाकिटे मात्र या सगळ्यातून उरतात, कारण प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर त्यांत एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सोडवणे परवडत नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळणे हा त्यांचा एक मार्ग आहे, परंतु राज्यातील अशा भट्ट्या मुख्यतः चंद्रपूरच्या बाजूला असल्याने तो मार्ग येथून फार लांबचा आहे.

अंतराचा प्रश्न येथे उघड होतो. पुठ्ठ्याचा कागद करणाऱ्या कारखान्यांचे वापीसारखे मोठे केंद्र गुजरातेत आहे, प्लॅस्टिकचे दाणे करणारे कारखाने मुंबई-ठाण्याच्या परिसरात आणि त्यापलीकडे आहेत. सुट्या बाटल्यांनी गच्च भरलेला टेम्पो वजनाच्या हिशेबाने जवळजवळ रिकामाच असतो, कारण त्यात मालापेक्षा हवा अधिक असते, आणि डिझेलचा खर्च मात्र पूर्ण द्यावा लागतो. माल दाबून त्याच्या घट्ट गाठी बांधणारे यंत्र हा यावरचा उपाय आहे; परंतु असे यंत्र चालवायचे तर माल सतत आणि पुरेसा यावा लागतो. एकट्या पोलादपूरच्या बाजारपेठेला हे जमणे अवघड आहे, महाड आणि पोलादपूर यांचा सुका कचरा एकत्र आला तर ते शक्य कोटीत येते.

ओल्या कचऱ्याचे गणित याच्या नेमके उलट आहे. उपाहारगृहातील खरकटे, भाजीची देठे, मासळीचा आणि कोंबडीचा टाकाऊ भाग, सोललेली शहाळी हा माल वजनदार असतो, लवकर नासतो आणि त्याला दूरचा गिऱ्हाईक नसतो, म्हणून त्याची विल्हेवाट जवळच लागली पाहिजे. रायगड जिल्ह्यातच याचे उदाहरण आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने हॉटेलांचा कचरा डोंगराखाली नेणे कष्टाचे होते, आणि तेथे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीचा बायोगॅस प्रकल्प उभारण्यात आला. या पद्धतीत कचरा दळून त्याचा गरम पाण्यात लगदा करतात, हवेच्या सान्निध्यात जगणारे जीवाणू पहिल्या टाकीत तो झपाट्याने मोडतात, मग हवाबंद टाकीत दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्यापासून मिथेन वायू तयार करतात आणि मागे खत उरते. प्रकल्प चालण्याची अट मात्र साधी आणि कडक आहे: खरकट्यात प्लॅस्टिकची पिशवी, चमचा किंवा दोरा येता कामा नये.

बायोगॅस शक्य नसेल तेथे कंपोस्ट, म्हणजे हवेशीर ढिगात कुजवून केलेले खत, हा मार्ग उरतो. चांगल्या ढिगात ओलावा 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास असावा लागतो आणि आतले तापमान काही दिवस 55 अंशांवर राहिले की रोगजंतू व तणांचे बी मरते. पावसाळ्यात ढीग भिजला की हवेला जागा राहत नाही, कुजण्याऐवजी सडणे सुरू होते आणि दुर्गंधी पसरते. शेजारी तक्रार करतात आणि प्रकल्प बंद पडतो. भाताच्या या मुलखात पेंढा आणि गिरणीतले तूस हाताशी असते, उन्हाळ्यात पालापाचोळाही मुबलक पडतो. तो झाडून पेटवण्याऐवजी गोण्यांत भरून ठेवला, तर पावसाळ्यातल्या ओल्या कचऱ्याला लागणारा कोरडा भाग फुकट मिळतो. तूस त्यातील वाळूसारख्या सिलिकामुळे सावकाश कुजते, परंतु ढीग मोकळा ठेवण्याचे काम चोख करते.

महामार्गामुळे या भागात आणखी दोन तेले साचतात. तळण पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ‘ध्रुवीय संयुगे’ नावाचे अपायकारक घटक वाढतात; त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून मनाई केली आहे, आणि असे तेल गोळा केले तर त्यापासून बायोडिझेल बनते. गॅरेजातले काळे ऑइल मात्र धोकादायक कचऱ्यात मोडते व ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावे लागते. ते गटारात ओतले तर पहिल्या पावसात त्याचा तवंग सावित्रीवर येतो, आणि नदीतले मासे, मगरी व काठावरच्या विहिरी यांना त्याची किंमत मोजावी लागते.

बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाचे सर्वांत गंभीर रूप दिसते. सांडपाण्यासाठी तेथे सामाईक प्रक्रिया केंद्र आहे; घन स्वरूपातील घातक कचऱ्याला 2016 चे धोकादायक कचऱ्याविषयीचे नियम लागू होतात. तो ठरवलेल्या जागी, छपराखाली, गळती होणार नाही अशा फरशीवर ठेवावा, सर्वसाधारणपणे 90 दिवसांत अधिकृत केंद्राकडे पाठवावा आणि पाठवणारा, वाहतूकदार व स्वीकारणारा या तिघांच्या सह्यांचा दस्तऐवज त्याच्यासोबत असावा, अशी ही व्यवस्था आहे. तळोज्याचे सामाईक केंद्र येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने या कागदाला मोठे महत्त्व येते, कारण वाटेत कचरा कोठे कमी झाला हे त्यावरूनच कळते. रिकाम्या पिंपांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रसायन लागलेली पिंपे नियमांच्या अनुसूचीत 33.1 या क्रमांकाखाली धोकादायक मानली आहेत. परंतु बाहेरून ती धडधाकट दिसतात, आणि पोलादपूर तालुक्याच्या डोंगरातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागत असताना पाणी साठवायला पिंप ही मोलाची वस्तू असते. न शुद्ध केलेले पिंप भंगारातून घरात पोचले, तर पुनर्वापराच्या नावाखाली विषच पिण्याच्या पाण्यात जाते. म्हणून पिंप अधिकृत केंद्रात धुतले जाणे किंवा पुन्हा कोणी वापरू नये म्हणून फोडले जाणे, यांत कसूर होता कामा नये.

22 जुलै 2021 च्या महापुराने या सर्व साखळीची परीक्षा घेतली. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरले तेव्हा धान्य, कापड, औषधे, कागद, फर्निचर आणि विजेची उपकरणे चिखलात एकजीव झाली होती. राज्यातील अन्य शहरांची सफाई पथके महाडला धावून आली. चिखलात मिसळलेल्या मालाचे वर्गीकरण जवळजवळ अशक्य असते, कारण पुठ्ठ्याचा लगदा होतो, औषधे आणि कीटकनाशके धान्यात मिसळतात आणि सगळाच ढीग धोकादायक ठरतो. पूररेषेच्या आत असलेली भंगाराची वखार पुरात वाहून गेली, तर वर्षभर वेचलेले प्लॅस्टिक एका रात्रीत खाडीत जाते. साठवणुकीची जागा पूररेषेच्या वर असणे ही येथे कचरा व्यवस्थापनाची पहिली अट मानली पाहिजे.

या कामात ज्यांचे हात राबतात, त्यांचा विचार केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला, आणि आजही त्या दिवशी देशभरातून माणसे येथे येतात. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हा जेथे संघर्षाने सिद्ध झालेला सिद्धांत आहे, तेथे सार्वजनिक घाण मात्र काही समाजांच्याच वाट्याला यावी, ही स्थिती मान्य होण्यासारखी नाही. मिश्र कचऱ्यात फुटकी काच आणि दवाखान्यातली सुई असते आणि ती कामगाराच्या हातात घुसते; वर्गीकरण म्हणजे त्या हाताचे रक्षण होय. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्र आणि संघटित आवाज मिळवून दिला, आणि 2016 च्या घनकचरा नियमांनीही त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

लहान गावाला हे जमते, याचा दाखला कोकणातच आहे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगर परिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण, बायोगॅस आणि रस्त्याच्या डांबरात प्लॅस्टिकचा वापर यांच्या जोरावर कचरा डेपोचे रूप पालटले, आणि तेथेही पाऊस महाडइतकाच धुवाधार असतो. महाड नगर परिषद आणि पोलादपूर नगरपंचायत यांनी पूररेषेच्या वर एक सामाईक, छपराचे सुका-कचरा केंद्र आणि गाठी बांधण्याचे यंत्र उभारावे, व्यापारी संघटनांनी पुठ्ठा व प्लॅस्टिक उचलण्याचे ठरावीक वार बांधून घ्यावेत, हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यावर त्या त्या गावातच प्रक्रिया व्हावी आणि औद्योगिक वसाहतीचे एकही न धुतलेले पिंप गावच्या भंगारात येऊ नये, या चार गोष्टींना परदेशी तंत्र लागत नाही. कोरडे ते कोरडे ठेवणे आणि जड ते जवळ जिरवणे हा नियम या खोऱ्याच्या पावसाने व रस्त्याने आधीच घालून दिला आहे. त्याप्रमाणे वागण्याची सुरुवात प्रत्येक दुकानाच्या फळीमागे आजच करता येते.