सेनेगलची बाळंतीण

सेनेगलमधल्या वोलोफ समाजाच्या घरांत दृष्ट लागू नये म्हणून पहिले काही महिने दिवस गेल्याचे लपवतात. साहजिकच पहिली तपासणी लांबते. बाळंतपणानंतर कारभार आजी-सासूच्या हाती: बाळाला मालीश, बाळंतिणीची सुमारे 40 दिवस जपणूक. आठवड्याने ‘न्गेन्ते’, म्हणजे बारसे. बाळाचे जावळ काढतात, कानात नाव सांगतात, मेंढा कापतात. पाहुण्यांना ‘लाख’, म्हणजे बाजरीच्या जाड लापशीवर गोडसर दही.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा हा अधिकार तिथल्या सरकारने 2010च्या सुमारास कामाला लावला, हे शहाणपणाचेच. ‘बाजेनु गोख’, म्हणजे वस्तीतल्या मानलेल्या आत्या, गरोदर सुनांना दवाखान्यात नेतात, सासू-नवऱ्यांची समजूत काढतात. आपल्या ‘आशा’ताईंसारखेच काम, पण ते मुख्यतः स्वयंसेवेवर चालते.