पियानोच्या पट्ट्यांपलीकडे ऐकणारे कॉफमन

चिंचवड-चाकण पट्ट्यात चेक देशाचा विषय निघाला की स्कोडाचे नाव येते. चाकणच्या कारखान्यातून 2009 पासून या चेक नावाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पण त्याच्या पाऊण शतक आधी त्याच भूमीतून मुंबईत आलेल्या एका पियानोवादकाचे काम इथल्या घराघरांत कधीच पोचले होते. पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाली आणि पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसांची सकाळ तिच्या संकेतधुनेने उजाडू लागली. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, अशी ती धून. तिच्याशी जोडले जाणारे वॉल्टर कॉफमन हे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे तेही तेवढ्यावर थांबतात. माझ्या मते कॉफमन यांचे मोठेपण त्या काही सेकंदांच्या सुरावटीत मावणारे नाही. ज्या वाद्यावर सगळे आयुष्य उभे होते, त्या वाद्यात न बसणारे संगीत त्यांनी मनापासून ऐकले आणि त्याच्यासाठी स्वतःचा कान बदलला.

1907 साली कार्ल्सबाडला, म्हणजे आजच्या कार्लोव्ही व्हारीला, एका जर्मन भाषक ज्यू घराण्यात ते जन्मले. शिक्षण बर्लिनला आणि प्रागला झाले. पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्का यांची भाची. हिटलरच्या उदयानंतर युरोपातले ज्यू कलावंत जिथे व्हिसा मिळेल तिथे जात होते. कॉफमन 1934 साली मुंबईला आले. काफ्कांच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींनी मारल्या, हे लक्षात घेतले की या प्रवासाचे मोल कळते. मुंबईत पाऊल ठेवल्यावर थोड्याच काळात त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. दर गुरुवारी मैफल होई. 1937 पासून 1946 पर्यंत ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

भारतीय संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा ते संगीत त्यांना परके आणि अनाकलनीय वाटले होते. पण लाखो लोक ज्यावर प्रेम करतात ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्या कानात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पियानोवादकासाठी हा निष्कर्ष सोपा नव्हता. पियानोत सप्तकाच्या बारा पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्या वाद्याला नाहीच. आघात झाला की स्वर विरत जातो, त्याला ओढून दुसऱ्या स्वरापर्यंत नेता येत नाही. अशी ओढ म्हणजे मींड, आणि ती आपल्या गाण्याचा प्राण. ती पियानोवर घेताच येत नाही. संकेतधून शिवरंजनीच्या अंगाची मानली जाते. मध्यम आणि निषाद वर्ज्य, गंधार कोमल. या गंधाराची आर्तता तारेवरच्या बोटाला सापडते. ती धून व्हायोलिनच्या तोंडी देणे हा म्हणूनच जाणत्या संगीतकाराचा निर्णय आहे.

याच काळात आकाशवाणीत पेटीवर वाद पेटला होता. 1 मार्च 1940 पासून हार्मोनियमला तिथे बंदी झाली, ती 1971 पर्यंत पूर्णपणे टिकली. कारण तेच सांगितले गेले, ठरीव स्वर आणि मींडेचा अभाव. गोविंदराव टेंबे यांची पेटी ज्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, त्याला हे रुचणे अवघडच होते. वाद्याची मर्यादा खरी असली तरी तिच्यावरचा उपाय बंदी हाच असतो का? कॉफमन यांनी पियानो सोडला नाही. तो आपल्या जागी ठेवून ते रागांकडे वळले.

दोन आक्षेप येतात. पहिला, धुनेचे श्रेय निर्विवाद नाही. इतर नावेही घेतली जातात, आणि धून रचल्याचे म्हणून सांगितले जाणारे 1936 हे साल तर त्यांच्या आकाशवाणीतल्या नेमणुकीच्या आधीचे आहे. हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच त्यांची योग्यता धुनेवर तोलू नये असे मी म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राग गुरूच्या गळ्यातून शिकायचा. परक्याने तो पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवला तर हाती सांगाडाच उरतो. पण हाच आरोप बंदिशी स्वरलिपीत उतरवणाऱ्या संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्यावरही झाला होता, आणि त्यांच्या लिपीने कित्येक बंदिशी वाचवल्या. कॉफमन मुंबईत आले तेव्हा भातखंडे त्याच शहरात आजारपणात होते. 1936 साली ते गेले. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक असताना कॉफमन यांनी 1968 साली उत्तर भारतीय रागांवर आणि 1976 साली दक्षिणेतल्या रागांवर ग्रंथ काढले. लिपी गाणे शिकवत नाही, पण ज्याला कोणी गुरू लाभणार नाही अशा दूरदेशीच्या वाचकाला रागाची चाल, वर्ज्य स्वर आणि वळणे कळतात. सांगाड्यालाही उपयोग असतो.

मुंबई सोडल्यावर ते कॅनडात विनिपेग सिम्फनीचे संचालक झाले, 1984 साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. 2020 साली टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यात अकरावी स्ट्रिंग क्वार्टेट आहे. ती वाजवायला दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढाच सरंजाम लागतो. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहात ती एकदा तरी व्हावी, आणि सोबत कुणी शिवरंजनी गावी. दोन्ही एकाच संध्याकाळी ऐकल्या तर कॉफमन यांनी किती ऐकले होते याचा निवाडा श्रोत्यांनाच करता येईल.